सावळा सावळाच दिसावा

देवाच्या छायाचित्रावर आपण उजेडाचा, रंगाचा किंवा धूसरपणाचा थर चढवतो, तेव्हा आपण देवाला सजवतो की त्याच्याविषयी खोटं बोलतो? आमच्या दिंडीतल्या एका वयोवृद्ध महाराजांनी मला हा प्रश्न विचारला, आणि मी तो वरवर घेऊ शकले नाही. मोबाइल अ‍ॅपचं डोळ्यांना दिसणारं अंग लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. चित्रावर सावली टाकणं, कडा विरवणं, मजकुरामागचं चित्र अंधुक करणं, चेहऱ्याभोवती प्रकाश आणणं हे मी रोज करते. दिंडीतल्या लोकांसाठी हरिपाठ, अभंग आणि वाटचालीचे मुक्काम असलेलं एक छोटं अ‍ॅप करायचं ठरलं, ते काम साहजिकच माझ्याकडे आलं. पहिल्या स्क्रीनवर आमच्या गावच्या देवळातला विठ्ठल असणार होता. कुणी सुचवलं, मागे तेजोवलय द्या. कुणी म्हणालं, वरून फुलं पडताना दाखवा. महाराज शांतपणे म्हणाले, "ताई, मूर्ती घडवणारा पाथरवटसुद्धा हात जोडून मग छिन्नी धरतो. तुम्ही एका टिचकीनं देवाचं तेज वाढवता. हा अधिकार तुम्हाला कुठून आला?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आधी इफेक्ट म्हणजे नेमकं काय घडतं ते सांगायला हवं. चित्राची फाइल फोनमध्ये असते तशीच राहते. ते स्क्रीनवर उमटताना प्रत्येक बिंदूचे तांबडा, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आकडे घेतले जातात आणि चार ओळी, पाच रकान्यांच्या कोष्टकातून काढले जातात. त्या कोष्टकातले २० आकडे बदलले की तेच चित्र कधी उबदार, कधी करडं, कधी मावळतीचं दिसतं. ब्लर करायचा तर प्रत्येक बिंदूत शेजारच्या बिंदूंचा रंग मिसळायचा, जवळच्यांचा वाटा जास्त आणि लांबच्यांचा कमी. एका चित्रावर दुसरं अर्धपारदर्शक चित्र ठेवलं तर काय दिसावं, याचं गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली मांडलं. अँड्रॉइडच्या कोडमध्ये त्या दोघांची आडनावं आजही लिहिली जातात. स्क्रीन हलती असेल तर हा सगळा हिशेब सेकंदाला ६० वेळा, काही फोनवर त्याहूनही जास्त वेळा, नव्यानं होतो. कोडमधली ती एक ओळ काढली की इफेक्ट नाहीसा होतो आणि मूळ चित्र होतं तसं समोर येतं.

वेदान्तात यासाठी जुना दृष्टान्त आहे. स्वच्छ स्फटिकाजवळ जास्वंदीचं फूल ठेवलं की स्फटिक लाल दिसतो. लाली फुलाची असते, स्फटिकाला ती लागलेली नसते. फूल बाजूला केलं की स्फटिक धुवावा लागत नाही, पुसावा लागत नाही. फुलासारख्या जवळ असण्यानंच दुसऱ्यावर आपला गुण भासवणाऱ्या गोष्टीला आचार्य उपाधी म्हणतात. माझ्या कामातला कलर फिल्टर ही अशी उपाधी आहे. मूळ वस्तूच पालटली तर तो परिणाम, आणि वस्तू तशीच राहून वेगळी भासली तर तो विवर्त, हा भेदही इथे डोळ्यांनी पाहता येतो. स्क्रीनवर चढवलेला थर विवर्ताच्या बाजूला पडतो. संपादन करून त्याच फाइलवर 'सेव्ह' केलं आणि जुनी प्रत गेली, तर तो परिणाम झाला, तिथून परत येता येत नाही.

एवढ्यावर मला महाराजांना सांगता आलं असतं की, देवाच्या रूपाला मी हात लावलेलाच नाही, रूप खाली शाबूत आहे. पण हे उत्तर अपुरं होतं, आणि ते अपुरं का हे मला माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, एका वाक्यानं कळलं.

आमच्या देवळातली मूर्ती काळ्या पाषाणाची आहे. गाभाऱ्यात दोन समया, एवढाच उजेड. पुजाऱ्यांची परवानगी घेऊन मी पहाटे छायाचित्र काढलं आणि कुठलाही इफेक्ट न लावता घरी आप्पांना दाखवलं. आप्पांनी फोन लांब धरला, जवळ आणला, आणि म्हणाले, "हा कुणाचा देव म्हणायचा गं? इठोबा इतका उजळ कधी झाला?"

ते बरोबर होते. छायाचित्रातली मूर्ती राखाडी होती आणि समयांचा पिवळा उजेड पांढुरका झाला होता. मी काही केलं नव्हतं, पण फोननं केलं होतं. कॅमेऱ्याच्या प्रकाशमापनाचं जुनं गृहीतक असं की समोरचं दृश्य सरासरीनं मध्यम राखाडी असतं, साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारं. काळा पाषाण समोर आला की यंत्राला वाटतं उजेड कमी पडला, आणि ते चित्र उजळवतं. ज्योतीचा उजेड सुमारे १९०० केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा साडेपाच हजारांच्या आसपासचा. पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून फोन समईचा सोनेरीपणा काढून टाकतो. त्याच्याही आधी, संवेदकावरचा प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावानं ओळखली जाणारी ही मांडणी १९७६ पासूनची आहे. बाकीचे दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजानं भरले जातात. म्हणजे रंगीत छायाचित्रातली दोन तृतीयांश रंगमाहिती मोजलेली नसते, काढलेली असते. पुढे जेपेग चित्राचे आठ बाय आठचे चौकोन पाडून डोळ्यांना सहज जाणवणार नाही असा तपशील टाकून देतं.

तेव्हा ज्याला मी मूळ चित्र म्हणत होते, ते थरांच्या खाली सापडणारं शुद्ध रूप नव्हतं. ते स्वतःच अनेक थरांतून आलं होतं, फक्त ते थर मी चढवलेले नव्हते आणि कुणाला दिसतही नव्हते. मी छायांकित भाग खाली ओढले, पांढऱ्याचा समतोल पिवळ्याकडे वळवला, मूर्तीच्या कडांवरची समईची झाक राखली आणि पुन्हा फोन आप्पांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा काढून फोन कपाळाला लावला. इफेक्ट लावलेलं चित्र खरं होतं आणि न लावलेलं खोटं. हात न लावणं म्हणजे सत्य राखणं, अशी माझी समजूत तिथे मोडली. विठोबा काळा दिसावा म्हणून मला हात लावावाच लागला.

मग खरं कशाशी ताडायचं? इथे मला माझ्याच कामातला एक तपशील फार महत्त्वाचा वाटतो. रंगीत चित्र करडं करताना तिन्ही रंगांची साधी सरासरी घेत नाहीत. अँड्रॉइडच्या कोष्टकात तांबड्याचा वाटा ०.२१३, हिरव्याचा ०.७१५ आणि निळ्याचा ०.०७२ असतो. हे प्रमाण निसर्गातल्या प्रकाशाचं नाही, माणसाच्या डोळ्याचं आहे. आपल्याला हिरवा सर्वांत उजळ जाणवतो, निळा सर्वांत मंद, म्हणून असे वाटे ठरले. स्क्रीनवरचा पिवळाही तसाच. तिथे पिवळा प्रकाश नसतोच, तांबडे आणि हिरवे ठिपके शेजारी पेटतात आणि पिवळा आपल्यात उमटतो. म्हणजे या चित्राच्या गणितात बघणारा आधीच बसलेला आहे. त्याला वगळलं तर फक्त आकडे उरतात, रूप उरत नाही.

ज्ञानेश्वरांनी चांगदेव पासष्टीत द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी मुळात एकाच वस्तूचं दिसणं आहे, असं सांगितलं. अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात त्यांनी अज्ञानाचं खंडन केलं. जे दिसतं ते अज्ञानामुळे दिसतं आणि म्हणून टाकाऊ, ही भूमिका त्यांनी स्वीकारली नाही. दिसणं हा त्या एकाच चैतन्याचा विलास आहे, असं त्यांनी मानलं. आप्पांच्या तोंडून हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्याचा माझ्या धंद्याशी संबंध असेल असं कधी मनात आलं नव्हतं. आता वाटतं, महाराजांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. रूप, रंग, उजेड यांत रमणं म्हणजे सत्यापासून दूर जाणं नाही. ज्या परंपरेनं निर्गुणाला कटीवर हात ठेवून विटेवर उभं केलं, तिला सजावटीची भीती असण्याचं कारण नाही.

देवळं तर हेच करत आली आहेत. पंढरपुरात काकड्यापासून शेजारतीपर्यंत देवाचं रूप किती वेळा पालटतं! पंचामृताचं स्नान, पोशाख, अलंकार, तुळशीची माळ, आणि पाडव्यापासून मृग लागेपर्यंतच्या उन्हाळ्यात चंदनउटी. कोल्हापूरला अंबाबाईच्या देवळात ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या चरणांवरून वर चढत जातात. बांधणाऱ्यांनी दिशा आणि खांबांमधली मोकळी वाट राखली, म्हणून तो प्रकाश तिथवर पोचतो. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि देवांची रंगीत चित्रं घरोघरी गेली. कित्येक घरांनी त्या छापील लक्ष्मी-सरस्वतींवर जर, कापड, टिकल्या चिकटवल्या. चित्रावर थर चढवण्याची हौस माझ्या फोनबरोबर जन्माला आलेली नाही.

पण देवळाच्या या सगळ्या सजावटीत एक शिस्त आहे, आणि माझ्या मते सारं तिच्यावर उभं आहे. चढवलेलं उतरवलं जातं. अलंकार निघतात, पोशाख निघतो, उटी धुतली जाते, किरण सरकतात. स्नानाच्या वेळी उभी असते ती नुसती पाषाणाची मूर्ती, आणि ती पाहिल्यानं कुणाची श्रद्धा उणावत नाही. भक्ताला दोन्ही ठाऊक असतं, सजलेलं आणि न सजलेलं. दादासाहेब फाळक्यांना ही गोष्ट पुरती कळली होती असं मला 'कालिया मर्दन' पाहताना वाटलं. १९१९ च्या त्या सिनेमात कृष्ण झाली आहे त्यांची मुलगी मंदाकिनी. सुरुवातीला ती स्वतःच्याच रूपात कॅमेऱ्यासमोर येते, चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते, आणि मग तो चेहरा पडद्यावर विरत विरत कृष्णाच्या वेषात उमटतो. ज्या माणसाला पडद्यावर चमत्कार घडवता येत होता, त्यानं चमत्काराआधी आपली लेक दाखवली. उपाधी कुठे सुरू होते ते त्यानं प्रेक्षकाला उघड सांगितलं.

याच्या नेमकं उलट मी माझ्या भाचीच्या फोनमध्ये पाहते. ती बारावीत आहे, आप्पांसारखी काळी-सावळी, तरतरीत. तिच्या फोनचा पुढचा कॅमेरा घेतल्यापासून चेहरा गुळगुळीत आणि दोन छटा उजळ करूनच फोटो जतन करतो. ती सोय बंद करता येते हे तिला माहीत नव्हतं, कारण ती कधी चालू केली हेही तिनं पाहिलं नव्हतं. एकदा तिनं मला विचारलं, "मावशी, फोटोत मी चांगली दिसते, मग आरशात का नाही?"

या प्रश्नानं माझ्या सगळ्या मांडणीतली उणीव दाखवली. स्फटिकाला लाली लागत नाही, हे खरं. पण ज्यानं फूल बाजूला केलेला स्फटिक कधी पाहिलाच नाही, त्याच्या लेखी स्फटिक लालच आहे. थर चित्रावर राहतो आणि परिणाम बघणाऱ्यात होतो. भाचीची कातडी होती तशीच आहे. पालटली ती तिची स्वतःकडे बघण्याची नजर, आणि नजरेला मागचं पाऊल घेण्याचं बटण नसतं. हे यंत्राचं आपसूक वागणं आहे असंही म्हणता येत नाही. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळवायला प्रयोगशाळांना एका गोऱ्या तरुणीचं छायाचित्र असलेलं कार्ड मिळायचं, त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची कातडी बरोबर उमटली की रंग बरोबर, हा मापदंड कितीतरी वर्षं चालला. २०२२ साली गूगलनं समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची त्वचामापनपट्टी स्वीकारली, ती या जुन्या उणिवेवरचा एक उपाय म्हणून. कुठलंही कोष्टक कुणाला तरी समोर धरून बनतं. ज्याला समोर धरलं नाही, तो त्या कोष्टकात चुकीचा ठरतो. आमचा विठोबा आणि माझी भाची दोघंही अशा कोष्टकांत बसत नाहीत, आणि यंत्र दोघांनाही उजळवून मोकळं होतं. अठ्ठावीस युगं सावळा म्हणून ज्याला आळवलं, त्याच्या लेकरांना सावळेपण दुरुस्त करायची चूक वाटू लागावी, हे मला सहन होत नाही.

अ‍ॅपमध्ये शेवटी काय ठेवायचं हे दिंडीनं बसून ठरवलं. मूर्तीचा काळेपणा आणि समईचा रंग गाभाऱ्यात दिसतो तसा जुळवलेला राहिला. अभंगाच्या पानावर मागचं चित्र हलकं ब्लर केलं, कारण साठीपुढच्या डोळ्यांना अक्षर वाचता यायला हवं. तेजोवलय काढलं. चित्रावर बोट दाबून धरलं की सगळे थर बाजूला होतात आणि फोननं काढलेलं मूळ छायाचित्र दिसतं. खाली एक ओळ लिहिली की उजेड आणि रंग प्रत्यक्षाशी ताडून जुळवले आहेत. महाराजांनी बोट ठेवून, उचलून, पुन्हा ठेवून पाहिलं आणि मान हलवली.

एका सूचनेवर मात्र वाद झाला. तरुण मंडळींना देवाच्या पापण्या हलताना हव्या होत्या. थोडं स्मित, बघणाऱ्याकडे वळणारी नजर. आज हे सहज करता येतं आणि अनेकांच्या फोनवर अशी चित्रं रोज येतात. मी विरोध केला. काढता येणारा थर म्हणून तो चालला असता, माझ्या पहिल्या कसोटीला तो उतरत होता. पण मूर्ती स्थिर असते म्हणून भक्ताला हलावं लागतं. देव माझ्याकडे पाहून हसला, हे भक्त म्हणतो तेव्हा त्या हसण्यात त्याचं आयुष्य, त्याची वाट, त्याचं दुःख उतरलेलं असतं. आप्पांना तो हसताना दिसला तो दिवस आणि आईला दिसला तो दिवस वेगवेगळा होता. कोडनं सगळ्यांना एकाच क्षणी एकच स्मित दाखवलं, तर बघणाऱ्याच्या वाट्याचं काम यंत्रानं काढून घेतलं. दर्शनात द्रष्ट्याचा जो भाग आहे तो त्याच्याकडेच राहायला हवा. तुळशीचं पान वाहण्याची सोय आम्ही ठेवली, कारण ते पान वाहणारा माणूस वाहतो. पापणी कुणी हलवायची, हा प्रश्न वेगळा आहे. सगळ्यांना हे पटलं नाही. बहुमतानं मात्र पापण्या स्थिर राहिल्या.

अधिकार कुठून आला, या महाराजांच्या प्रश्नाला माझं उत्तर आता असं आहे. अधिकार कुणी देत नाही, तो जबाबदारीबरोबर येतो आणि तिच्याबरोबरच राहतो. चित्राला हात न लावण्याचा सोवळेपणा मला परवडत नाही, कारण माझ्या आधी अनेक अदृश्य हात लागलेले असतात. मी हात काढून घेतला तर विठोबा राखाडी होतो. त्यामुळे मला थर चढवायचे आहेत, पण समोरच्या वस्तूशी प्रामाणिक राहून, आणि असे की बघणाऱ्याला ते बाजूला सारता येतील, ते आहेत हे त्याला कळेल, आणि त्याचा भाव त्याच्याचजवळ राहील. हे नियम देवाच्या चित्राला लावायचे आणि माणसाच्या चेहऱ्याला नाही, असं मला करता येणार नाही. उलट माणसाच्या बाबतीत ते अधिक कडक हवेत. देवाला आपण कसं दाखवलं यानं देवाचं काही बिघडत नाही. सतरा वर्षांच्या मुलीचं बिघडतं. म्हणून चेहरा उजळवणारी सोय सुरुवातीपासून चालू ठेवायला मला कुणीही सांगितलं, तरी मी ती बंद ठेवून देईन, आणि का ते लेखी कळवीन. माझ्या कामात धर्म पाळण्याची जागा मला हीच दिसते.